हशाची जागा

सकाळी नऊ वाजता नानांनी जाहीर केलं, की आज आपण चहा घेणार नाही, कारण आज आपला मुलगा मरणार आहे.

खरा मुलगा समोर बसून पावाला लोणी लावत होता. त्याने सुरी थांबवली नाही. "मग तुमचा कप मी घेतो," टिल्लू म्हणाला.

"ही तुमची पिढी. भूमिकेत शिरणं म्हणजे काय, याचा गंध नाही. त्या बापाला अकरा वाजता पत्र मिळतं. तोवर त्याच्या पोटात काही गेलेलं नसतं. मी आठ दिवस त्याचं आयुष्य जगतोय."

"काल तुम्ही दोनदा जेवलात," ताई म्हणाली.

"काल पत्र यायचं होतं."

ताईने वही मिटली. घराण्याच्या नाटक कंपनीच्या तारखा तीच बघायची आणि सकाळी तिच्या हातात वही असली, की घरातले दोन्ही नट जरा जपून बोलायचे. आज दोघांनीही ते सोडून दिलं होतं. थिएटरचे व्यवस्थापक अकरा वाजता येणार होते. नानांनी तीन महिने खपून बसवलेलं गंभीर नाटक बघून ते ठरवणार होते, की हंगामातले चार रविवार त्याला द्यायचे की नाही. दिले तर नाना त्या नाटकात बाप होणार आणि एकतीस वर्षं चाललेल्या फार्सातली त्यांची भूमिका टिल्लूकडे जाणार. नाही दिले, तर नाना मुकाट्याने परत कपाटात शिरणार.

हे कपाट खरंखुरं होतं. फार्सातला वेटर दुसऱ्या अंकात कपाटात लपतो आणि शेवटपर्यंत त्याला कुणी बाहेर येऊ देत नाही. घरात त्या नाटकाला कुणी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती, नुसतं 'कपाट' म्हणायचे. नव्या नाटकालाही घरच्या रिवाजाप्रमाणे 'पत्र' असं नाव पडलं होतं, आणि नानांना ते अजिबात आवडत नव्हतं.

"मी शेवटचं सांगते," ताई म्हणाली. "तुम्ही स्टेजवर आलात की तोंड उघडायच्या आधी लोक हसतात. मुलगा मेल्याचं कळलं आणि हसले, तर?"

"ते त्यांच्या अभिरुचीचं दारिद्र्य."

"त्या दारिद्र्यावर चौदा माणसांची घरं चालतात, नाना."

"ताई, तू त्यांना खाली ओढू नकोस," टिल्लू म्हणाला. आवाजात एवढी माया होती, की ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "नानांमध्ये एक मोठा नट दडलेला आहे. जगाला तो कधी दिसलाच नाही. दिसला पाहिजे."

"तो दिसला की वेटर तुझा."

"तो भाग वेगळा."

आई गॅसपाशी पाठ करून उभी होती. तिने चहा गाळला आणि नानांचा कप टिल्लूपुढे ठेवला. या घरात विनोदी नट म्हणून कुणी जन्मालाच आलं नव्हतं, सगळ्यांवर अन्याय झाला होता. कंपनी काढणारे आजोबा शेवटच्या दिवसापर्यंत सांगायचे, की आपण मुळात नायक. उंची दगा देऊन गेली म्हणून विदूषक झालो. नाना स्वतःला शोकांत नट समजत. टिल्लू फोनवर दीड-दीड मिनिटाचे विनोदी तुकडे टाकायचा आणि स्वतःला भाष्यकार म्हणवून घ्यायचा. तिघांनीही लोकांना हसवून नाव मिळवलं आणि तिघांनाही हसणाऱ्या माणसांचा मनातून राग होता.

मागच्या महिन्यात नानांनी एका वाहिनीला मुलाखत दिली. 'जो जगाला हसवतो, तो एकांतात रडतो,' असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. आई तेव्हा उशांना अभ्रे घालत होती. त्या एकांतात एकेचाळीस वर्षं तीच होती. तिथे तिने नानांना एकदाच रडताना पाहिलं होतं. जाहिरातीत त्यांच्या नावाच्या वर दुसऱ्याचं नाव छापून आलं होतं, त्या दिवशी.

टिल्लू आईच्या मागोमाग खोलीत आला, तेव्हा ती बॅगेत कपडे भरत होती. त्याने बॅग पाहिली, पण स्वतःचं काम आधी काढलं.

"आई, एक सरळ विचारतो. 'कपाट' माझ्याकडे आलं, तर तू बसशील ना?"

कुठे, हे विचारायची गरज नव्हती. पाचवी रांग, मधल्या वाटेलगतची खुर्ची. लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा नानांचा एक फार्स सपाटून पडत होता. माणसं यायची, पण हसायची नाहीत. नानांनी नव्या बायकोला त्या खुर्चीत बसवलं आणि कुठे कुठे हसायचं ते सांगितलं. आठ दिवसांपुरतं, म्हणाले होते. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक फार्सात पहिला हशा आईचा. तो मोठा चालत नाही. मोठा आला की लोक मान वळवून बघतात, कोण ही बाई. आवरता आवरला नाही, असा नाकातून सुटावा लागतो. मग शेजारच्याला धीर येतो, मग पुढची रांग, मग थिएटर. 'कपाटा'त अशा अकरा जागा होत्या. त्यातली एकही तिला हसण्यासारखी वाटली नव्हती. नाना मात्र आता लोकांना कौतुकाने सांगत, की हिला माझं काम एवढं आवडतं, एक प्रयोग चुकवत नाही. आणि ते थापा मारत नव्हते, त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

"नाही बसणार," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. तुझी मावशी गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतेय परवा. मी आज चारच्या बसने तिच्याकडे जातेय."

"आज? आणि नानांना सांगितलंस?"

"त्यांना तीन दिवस सांगतेय. ते त्यांच्या मेलेल्या मुलात गुंतलेत."

टिल्लू पलंगावर बसला. सहा फुटांचा गडी, चाळिशीला टेकलेला. पण लहानपणीचं नाव तसंच राहिलं होतं आणि अशा वेळी ते त्याला शोभायचं. "किती दिवस?"

"ती एकटी आहे. चालायला लागेपर्यंत राहीन. नंतरही राहीन, वाटलं तर. तुझ्या वडिलांचं गंभीर नाटक लागलं की माझं इथे काम काय? रडायच्या नाटकात पहिलं रडायला कुणाला बसवत नाहीत."

आता टिल्लूच्या लक्षात आलं, की आई तीन महिने 'पत्रा'च्या बाजूने का होती. त्याला वाटत होतं, ती त्याच्यासाठी नानांचं मन वळवतेय.

"अगं पण मग माझा पहिला हशा कोण देणार?"

"विनोद देईल."

"आई, माझी कॉमेडी तशी नाही. ती माणसाला विचार करायला लावते."

"मग करू दे ना त्यांना विचार. त्याला हसणारी बाई कशाला?" ती बॅगेची चेन ओढत म्हणाली. चेन अर्ध्यावर अडकली. टिल्लूने उठून ती लावून दिली, कारण तो वाईट मुलगा नव्हता. फक्त नट होता.

सकाळचं थिएटर ताईला आवडायचं, कारण तेव्हा ते कुणाला फसवत नसायचं. खुर्च्यांच्या फाटक्या कडा दिसायच्या, पडद्यावरचं ठिगळ दिसायचं. कंपनीची माणसं दोन-तीन रांगांमधून विखुरली होती. दिवेवाला वर शिडीवर होता. प्रॉम्प्टर कडेच्या पडद्यामागे संहिता घेऊन बसला होता. व्यवस्थापक तिसऱ्या रांगेत घड्याळ काढून बसले होते. गोरेगोमटे, गोड बोलणारे गृहस्थ. नाही म्हणायचं असलं, की ते आधी तब्येतीची चौकशी करत.

आई पाचव्या रांगेत तिच्या खुर्चीत बसली होती. दुसरीकडे बसायचं तिच्या मनात आलं नव्हतं की पाय तिकडेच वळले, कुणास ठाऊक. ताई शेजारी जाऊन बसली.

"आई, एक काम कर माझं. आजच्या दिवस."

"काय?"

"नाना रडायला लागले की एकदा हस. तुझं ते नाकातलं. एकदाच."

आईने तिच्याकडे पाहिलं.

"असं बघू नकोस. मला आनंद होतोय का? हे नाटक पडणार, आणि पडलं की चौदा माणसं घरी बसणार. टिल्लूच्या हातात 'कपाट' गेलं तर तेही पडेल. तो तिसऱ्या वाक्याला थांबून समाजाबद्दल बोलायला लागेल. आज लोक हसले, की नानांचं खूळ जाईल, टिल्लूचंही जाईल. एका सेकंदाचं काम आहे."

ताईचं चुकत होतं असं नाही. सगळ्या घरात हिशोबाने विचार करणारी ती एकटी होती, आणि तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, की तुला स्वतःला काय व्हायचं होतं. आईलाही ते आज प्रथमच जाणवलं आणि वाईट वाटलं.

"चाळीस वर्षं त्यांच्यासाठी खोटं हसले," ती म्हणाली. "आता तुझ्यासाठीही खोटं हसू?"

"माझ्यासाठी नको. कंपनीसाठी."

"तेही असंच म्हणाले होते."

ताई काही बोलणार होती, पण वर दिवा लागला. ती उठून बाजूला जाऊन उभी राहिली आणि हाताची घडी घातली. आई हसणार नाही असं म्हणाली नव्हती, एवढं तिने मनाशी धरून ठेवलं.

नाना आले. बंदरावरचा म्हातारा कारकून, अंगात ढगळा कोट, हातात न फोडलेलं पाकीट. आणि सांगायला हरकत नाही, की सुरुवात वाईट नव्हती. त्यांनी पाकीट फोडायला वेळ घेतला. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, तरी त्यांनी त्यावर विनोद केला नाही, आणि हे त्यांना किती जड गेलं असेल ते कंपनीतल्या प्रत्येकाला कळलं. त्यांनी पत्र वाचलं. बोट बुडाल्याचं, मुलगा त्यावर असल्याचं. व्यवस्थापकांनी घड्याळ खिशात ठेवलं.

नानांना आतून उचंबळून येत होतं. शेवटी आलं, ते मनात म्हणत होते, शेवटी जगाला कळणार. स्वतःच्या आवाजातला कंप त्यांना ऐकू येत होता आणि तो त्यांना फार आवडला. मेलेल्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण तिथे सारखा उद्याच्या पेपरातला स्वतःचा फोटो येत होता. त्यानेही काम भागत होतं.

मग ते दारापाशी गेले. दारात बुटांची जोडी ठेवलेली होती.

"त्याचे बूट अजून इथेच आहेत," नाना म्हणाले. "आता हे कुणी घालायचे?"

आणि ते थांबले.

संहितेत तिथे थांबणं नव्हतं. पुढचं वाक्य लगेच होतं. पण वाक्याचा उतार तसाच होता, जसा वेटरच्या अकरा वाक्यांचा असायचा. सवाल टाकायचा, हनुवटी वर, डावी भुवई वर, आणि हशाची जागा सोडायची. शरीराने त्यांना न विचारताच ती सोडली. मुलगा मेलेला बाप बुटांकडे बोट दाखवून भुवई वर करून उभा राहिला आणि लोकांच्या हसण्याची वाट बघायला लागला.

हशा आला नाही.

नानांना प्रथम कळलंच नाही, की काय झालं. मग कळलं. एकतीस वर्षांत त्या जागी असं काही झालं नव्हतं. त्यांनी पाचव्या रांगेकडे पाहिलं.

आई तिथेच होती. हसू तिच्या नाकापर्यंत आलं होतं, कारण तिचंही शरीर तिला विचारून काही करत नव्हतं. भुवई वर गेली, की ते यायचंच. तिने खालचा ओठ दातांत धरला. बाजूला ताई उभी होती, आणि तिचा चेहरा आईला न बघताही दिसत होता. एक सेकंद. एका सेकंदात ताईचं भलं झालं असतं, नानांची सुटका झाली असती, ते चटकन वेटर झाले असते आणि सगळ्यांना घेऊन सुखरूप घरी गेले असते. आणि पुढच्या रविवारी ती परत याच खुर्चीत.

नाना तिच्याकडे बघत होते. भुवई हळूहळू खाली आली. तोंड उघडं राहिलं. ते घाबरले होते, नुसते घाबरले होते, आणि लग्नानंतर प्रथमच तिला त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी खरं दिसत होतं. तिचा जीव कळवळला. तिला त्यांची दया आली, प्रेमही वाटलं. ते नव्हतंच असं नाही. तरी ती हसली नाही.

प्रॉम्प्टरने वाक्य सांगितलं. नानांना ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गालांवरून खाली उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात कुठे आहेत ते त्यांना त्या क्षणी कळत नव्हतं. ते तसेच बुटांशेजारी बसले.

मागे कुणी तरी हुंदका दिला. मेकअपवाला होता. त्याने नानांच्या चेहऱ्यावर एवढी वर्षं रंग लावला होता आणि असा चेहरा त्याने कधी रंगवला नव्हता.

व्यवस्थापक उभे राहिले. त्यांचा रुमाल ओला झाला होता. "नानासाहेब," ते म्हणाले, "हा पॉज. असा पॉज मी जन्मात पाहिला नाही. चारही रविवार तुमचे."

नानांना उठायला मदत लागली. पण बोलायला लागली नाही. स्टेजच्या कडेपर्यंत येता येता त्यांचा रंग परत आला आणि खाली उतरेपर्यंत ते पुरते सावरले होते.

"ही शांतता मी तीन महिने घडवतोय," ते म्हणाले. "लोकांना वाटतं, नट बोलतो. नट गप्प बसतो, साहेब."

"केवढी मोठी गोष्ट बोललात."

"भुवईचं पाहिलंत? शोकात माणसाचा चेहराच त्याच्यावर उलटतो. ते मी मुद्दाम घेतलंय."

टिल्लूने धावत जाऊन वडिलांना मिठी मारली. त्याला खराच आनंद झाला होता, वेटर मिळाल्याचा. ताई जागची हलली नाही. ती बाजूच्या कठड्याला टेकली आणि आईची खुर्ची बघायला वळली, पण आई तिथे नव्हती. ती बाहेर तिकीटखिडकीपाशी ठेवलेली बॅग घ्यायला गेली होती.

दुपारी अडीच वाजता पेपरचा फोटोग्राफर आला. व्यवस्थापकांनीच बोलावला होता. "नानासाहेब, तोच क्षण. बूट, आणि तो पॉज."

नाना ऐटीत वर गेले. "त्याचे बूट अजून इथेच आहेत. आता हे कुणी घालायचे?"

हनुवटी वर, भुवई वर. शिडीवरून दिवेवाल्याचं हसू फुटलं. त्याने लगेच तोंड दाबलं.

"पुन्हा एकदा," व्यवस्थापक म्हणाले.

दुसऱ्या वेळी भुवई नव्हती, तर हात वेटरसारखा कमरेत गेला. तिसऱ्या वेळी नानांनी रडायचा प्रयत्न केला आणि फोटोग्राफरच हसला, आणि म्हणाला, की हा पण छान आहे, विनोदी पानावर जाईल. व्यवस्थापकांनी नानांच्या तब्येतीची चौकशी केली. ती ऐकून ताईने कपाळाला हात लावला, कारण आता मागे फिरायलाही जागा नव्हती. 'पत्रा'ला रविवार दिल्याचं व्यवस्थापकांनी आत्ताच फोटोग्राफरला सांगून टाकलं होतं आणि ते पेपरात येणार होतं.

नानांनी पाचव्या रांगेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"ती कुठे आहे?" ते ओरडले.

आई थिएटरच्या बाहेरच्या हॉलमध्ये बाकावर बसून बिस्किट खात होती. सव्वातीन वाजायला आले होते. आधी टिल्लू आला, मग ताई, मग कोट घातलेलेच नाना आणि मागून व्यवस्थापक. सकाळपासून एकमेकांचे पाय ओढणारी माणसं एका रांगेत उभी राहिली, हे बघून तिला नवल वाटलं. या घराला एकत्र आणायला एवढं पुरलं होतं.

"आई, तुला बसावं लागेल," टिल्लू म्हणाला. "नानांना तू समोर लागतेस."

"कशाला? हसायला?"

"नाही," नाना म्हणाले. "न हसायला."

आईने बिस्किट खाली ठेवलं.

"मला आता कळलंय तंत्र," नाना घाईघाईने म्हणाले. "मी वाक्य टाकतो, तुझ्याकडे बघतो, तू हसत नाहीस. बस. मग ते येतं. तुला काही करायचं नाही. नुसतं बसायचं आणि हसायचं नाही. सोपंय की आधीपेक्षा."

"चारच रविवार, आई," ताई म्हणाली. "मी सकाळी म्हणाले ते विसर. आता हे चाललंच पाहिजे. मावशीकडे मी बाई ठेवते."

"पाहिलंत वहिनी," व्यवस्थापक म्हणाले, "केवढा मोठा नट, आणि सगळं तुमच्यावर अडलंय."

चौघांनाही वाटलं, आई विचार करतेय. ती नानांकडे बघत होती.

"मघाशी माझी खुर्ची रिकामी दिसली," तिने विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटणार? वाटलं, ऐन वेळी कुठे गेली ही."

"राग आला."

"येणारच की."

"हं." ती उठली, हातावरचा बिस्किटाचा चुरा झटकला. "मी जाते. मावशी चालायला लागली तरी मी लगेच यायची नाही. अहो, मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला एवढंच झालंय, की एकेचाळीस वर्षं मी तुमच्याकडे बघतेय आणि तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा आज बघितलंत, तेही वाक्य विसरल्यावर."

"अगं, पण मग मी रडू कसा?"

"ती खुर्ची रिकामी ठेवा. रोज तिच्याकडे बघा. मी नाही म्हणून एखाद्या दिवशी खरंच रडू आलं, तर तुम्ही म्हणता तेवढे मोठे नट असाल. नाही आलं, तर कपाट आहेच."

टिल्लूने बॅग उचलायला हात पुढे केला, पण तिने ती आधीच उचलली होती. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिने ते लपवायला तोंड फिरवलं. आई पायऱ्यांकडे गेली. सात पायऱ्या होत्या, आणि ती त्या सावकाश उतरली, कारण तिला वाटत होतं, नाना आता थांब म्हणतील. ती थांबली नसती. पण त्यांनी म्हणावं, असं तिला फार वाटत होतं. एवढं कशाचंच तिला कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या पायरीवर तिला मागून त्यांचा आवाज ऐकू आला. आवाजात तो सकाळचा कंप परत आला होता.

"ताई," नाना म्हणत होते, "ती खुर्ची विकायची नाही. रिकामीच ठेवायची. आणि दिवेवाल्याला विचार, वरून तिच्यावर एक बारीकसा दिवा मारता येईल का."

"वा," व्यवस्थापक म्हणाले. "हे तुम्हालाच सुचावं, नानासाहेब."

आईने बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागली.